चौथा खांदा

मी उभ्या आयुष्यात एकच कविता केली, दोन ओळींची. ती एका मेलेल्या माणसाला ऐकवण्यासाठी केली होती, आणि पहिल्यांदा म्हटली तेव्हा पेटीत भलतंच माणूस निघालं. त्यामुळे आमच्या घरात कुणी कवितेचा विषय काढला की मी उठून गोठ्याकडे जातो. नातवंडांना वाटतं, म्हातारा खडूस आहे. आहेच. पण कारण सांगायचं राहून गेलं होतं, ते आता सांगून टाकतो.

श्रीरामपूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. पाटाचं पाणी, ऊस, गुऱ्हाळं. बेचाळीस साली नगरच्या किल्ल्यात देशाचे मोठे पुढारी कोंडले होते आणि बाहेर आमच्यासारखी पोरं उकळत होती. त्या पावसाळ्यात तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा गेला. आमच्या गावातून सात जण गेले, त्यात माझा थोरला भाऊ होता. मलाही जायचं होतं, पण आयनं मला धान्याच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. मी दार बडवून बडवून घसा बसवून घेतला. म्हणून माझी हाडं शाबूत राहिली, हे मात्र खरं.

दादा आला तो उजवा हात डाव्या हातात धरून. लाठी डोक्यावर येत होती, त्यानं हात आडवा घातला, डोकं वाचलं आणि मनगट गेलं. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, लेप लावले, तरी हाड वाकडंच जुळलं. बोटं मिटेनात. पंचक्रोशीत दादासारखी सरळ तास कुणाच्या नांगराला येत नव्हती, आणि आता त्याला भाकरीचा तुकडासुद्धा डाव्या हातानं मोडावा लागायचा. ठरत आलेली सोयरीक मोडली. दादा कुणाला काही बोलला नाही. त्याचं ते गप्प राहणं मला सोसायचं नाही.

आणि लाठी कुणाची? आमच्याच गावच्या माणसाची. ख्रिस्तवाड्यातला एक माणूस पोलिसात लागून जमादार झाला होता, तो त्या दिवशी कचेरीच्या फाटकाशी उभा होता. पुढच्या वर्षी तो पेन्शनीत निघाला आणि वाड्याच्या टोकाला दोन खोल्या बांधून राहायला आला. रोज संध्याकाळी खाटेवर बसून सुपारी कातरायचा. मी त्याच्या दारावरून जायचो, दात ओठ खायचो, मनातल्या मनात त्याला हजार शिव्या घालायचो आणि पुढे जायचो. तोंडावर एक शब्द कधी बोललो नाही. हे आधीच कबूल करून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

चव्वेचाळीसच्या हुरड्याच्या दिवसांत एका संध्याकाळी जमादार वारला. माझा एक दोस्त होता, स्टेशनवर जाऊन वर्तमानपत्र वाचून येणारा, आमच्यात तोच शहाणा. तो सकाळी उजाडायच्या आत आमच्या दारात आला. म्हणाला, "जमादार गेला. दुपारी माती हाय. गप बसायचं का?"

मी कशाला गप बसतोय. आय म्हणायचीच, ह्याच्या नाकावर माशी बसत न्हाई. मी एकोणीस वर्षांचा होतो, दादाचा हात रोज डोळ्यांसमोर होता, आणि ज्यानं तो मोडला तो माणूस आता भजनं ऐकत, फुलं अंगावर घेत मातीत जाणार होता. मला त्याच्या पेटीसमोर उभं राहून ओरडायचं होतं. दादासाठी. दादाला विचारावं असं काही माझ्या डोक्यात आलं नाही. तो तसाही पहाटेच कुठंतरी निघून गेला होता, बोडक्या डोक्यानं, फेटा काखेत मारून.

त्या फेट्याचं सांगायला हवं. फेटा बांधायला दोन हात लागतात. हात मोडल्यापासून दादा घरी टोपी घालायचा, पण बाजारच्या दिवशी त्याच्या डोक्याला फेटा असायचा, आणि तोही असा ऐटदार, कानाशी घट्ट बसलेला, की लोक वळून बघायचे. मला वाटायचं आय बांधून देते. आयला वाटायचं मी बांधतो. कुणी कुणाला विचारलं नाही. आमच्या घरात बोलाचाली कमीच, बोलायचं सगळं माझ्याच वाट्याला आलेलं.

तर आम्ही चावडीवर गेलो आणि भिंतीवर कोळशानं मजकूर लिहिला. अक्षर माझं, कारण माझं बरं होतं. 'गोऱ्याच्या चाकराच्या मातीला कुणी जाऊ नये.' दोस्त म्हणाला, जरा जोर पाहिजे. म्हणून मी खाली आणखी एक ओळ घातली, 'जो खांदा देईल, त्याला गावात मजुरी मिळणार नाही.' मला कुठं कुणाला मजुरी द्यायची होती? आमच्या शेतावर आयचं राज्य. पण लिहिताना बरं वाटलं, झोकात वाटलं. मग आम्ही काळी निशाणं करायला स्टेशनवर गेलो. लढाईच्या दिवसांत नवं कापड डोळ्यांना दिसत नव्हतं. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याकडून फाटक्या छत्र्यांचं कापड घेतलं, कळकाच्या काठ्यांना बांधलं, आणि परत येताना वाटेत मी ती कविता जुळवली.

चाकरी केली गोऱ्याची,
माती मागतो आमची!

गावातली पोरं धरून अकरा जण होतो. सगळ्यांनी दहादा म्हणून पाहिली. तालात बसत होती.

ख्रिस्तवाड्याकडून येणारी वाट पाटावरच्या पुलाशी येते आणि तिथून कब्रस्तानाकडे जाते. आम्ही पुलावर उभे राहिलो. इथं आमची चूक झाली, आणि ती आमच्यासारख्या कुणब्यांच्या पोरांनीच करावी अशी. आमच्या लेखी ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती. त्यांच्यात कॅथलिक वेगळे आणि मिशनवाले वेगळे, एकांचे फादर आणि दुसऱ्यांचे पाळक, एकांचं कब्रस्तान पाटाच्या उजवीकडे आणि दुसऱ्यांचं डावीकडे, आणि जमादार मिशनवाला होता, हे जन्मभर शेजारी राहून आम्हाला ठाऊक नव्हतं. दुपार झाली, वाड्यात घंटा वाजली, आणि धुरळ्यातून एक लाकडी क्रूस पुढे येताना दिसला. त्यामागे खांद्यावर पेटी, पेटीमागे माणसं. बायका गात होत्या.

मी काठी उंच केली. माझा आवाज खणखणीत. पहिली ओळ मी म्हटली, दुसरी दहा जणांनी उचलली. तीन वेळा म्हटली. गाणं थांबलं. पेटीचे खांदेकरी जागच्या जागी उभे राहिले, आणि फादर नुसता आमच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, जिंकलो.

मग मागून एक बाई पुढे आली. गावच्या सुईणआजीची लेक. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिचे डोळे सुजलेले होते. ती आमच्यावर धावून आली नाही, शिव्या दिल्या नाहीत. खांदेकऱ्यांना म्हणाली, "खाली ठिवा." त्यांनी पेटी वाटेवर ठेवली. झाकण अजून ठोकलेलं नव्हतं, शेवटचं तोंड बघायचं असतं ना. तिनं झाकण बाजूला सरकवलं आणि मला म्हणाली, "ये. बघ कोन हाय ती."

पेटीत सुईणआजी होती. आम्ही स्टेशनवर गेल्यावर त्या सकाळीच तिनं प्राण सोडला होता.

तुम्हाला ही बाई कोण होती ते कळल्याशिवाय माझं काय झालं ते कळणार नाही. गावातल्या प्रत्येक घरात पहिला हात तिचा लागायचा. बाळ हातावर घ्यायची, नाळ कापायची, आणि मग ती नाळ आणि वार अंगणात खड्डा करून पुरायची. कुणाची कुठं पुरली हे तिला तोंडपाठ होतं. पोरगं मिसरूड फुटण्याएवढं झालं तरी वाटेत अडवून सांगायची, "तुजी नाळ लिंबाखाली हाय बरं का, लिंबाला जप." मला तर फारच छळायची. म्हणायची, "आला तो बोंबलतच. मला वाटलं आग लागली का काय गावात. म्या तुज्या आयला म्हनलं, बाई, ह्यो पोरगा एक तर वकील हुनार न्हाई तर दवंडी पिटनार." आणि बोटानं माझी हनुवटी उचलायची. घरात बाळ झालं की पाचव्या दिवसानंतर तिला ओट्याच्या वर येऊ द्यायचे नाहीत, चोळी-बांगडी वरून टाकायचे. ती त्याचंही हसं करायची. आणि मी तिच्या पेटीसमोर छत्रीचं कापड नाचवत उभा होतो.

मावशी म्हणाली, "काय म्हनत हुतास? चाकरी केली कुनाची? हिनं तुमच्या आयांची चाकरी केली, लेकरा. त्या गोऱ्याला तिनं कधी बघितला बी न्हाई."

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून माझी आय पुढे आली. पदर डोळ्यांवर ओढलेला, म्हणून मला ती दिसली नव्हती. मला वाटलं आता मुस्काटात बसणार. तिनं माझ्या हातातली काठी काढून घेतली, पाटात टाकली आणि एवढंच म्हणाली, "उचलली जीभ लावली टाळ्याला. पाच बाळंतपनं केली हिनं माजी. तुज्या येळंला दोन दिस पानी न्हाई प्याली. चल, माती दे तिला."

आम्ही अकराच्या अकरा त्या पेटीमागे गेलो. काळ्या चिंध्या खिशांत कोंबलेल्या. कबरीशी मावशीनं आम्हाला रांगेत पुढे घेतलं, नात्यातल्या माणसांच्याही आधी. म्हणाली, "ह्यांची नाळ तिनं मातीत घातली, त्यांनीच तिला आधी माती घालावी." मी मूठ भरून माती टाकली आणि मला रडू फुटलं. आवाज करून रडलो. माझा आवाज लहान कधी नव्हताच. मावशीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिची आई गेली होती आणि ती माझं सांत्वन करत होती.

इथं गोष्ट संपती तर मी चांगला माणूस ठरलो असतो. पण कबरीवरून परत पुलाशी आलो आणि दोस्त म्हणाला, "आता जमादाराची यील. उभं राहू."

दोघं-तिघं म्हणाले, नको बाबा. दोस्त माझ्याकडे वळला. "चूक झाली ती मानूस वळखन्यात. बोलन्यात न्हाई. जमादार काय सुईन हाय का? त्यानं तुज्या भावाचा हात मोडला का न्हाई?"

मोडला होता. मला लाज वाटत होती ती सुईणआजीची. जमादाराबद्दलचा राग जसाच्या तसा होता, उलट आता तो जास्तच झाला होता, कारण त्याच्यापायी मी तिच्या पेटीपुढे बरळलो असं मला वाटत होतं. स्वतःची चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालायला मन किती तत्पर असतं बघा. मी म्हणालो, "उभं राहू." आय घरी गेली होती. आमच्यातले चौघे उरले.

ऊन कलायला लागलं. पेटी येईना. दोस्त म्हणाला, घाबरले. मी वाड्याकडे बघत होतो. वाड्यातले गडी अंगणात उभे होते, कुणी बाहेर पडत नव्हतं. आणि मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. कुणी येत नव्हतं ते माझ्या कोळशानं. तिथल्या प्रत्येकाचं पोट आमच्या गावच्या मजुरीवर. माझ्या कवितेला कुणी भीक घातली नसती, पण झोक यावा म्हणून लिहिलेल्या त्या खालच्या ओळीनं त्यांच्या चुलीला हात घातला होता. सुईणआजीला खांदा द्यायला अख्खा वाडा आला, आणि जमादाराला चार माणसं मिळत नव्हती. नगरला त्याच्या भावांना तार गेली होती, ते उद्यापर्यंत पोचणार नव्हते.

मी तसाच पुलावर उभा राहिलो. पण मघाचा ताठा राहिला नव्हता.

सूर्य बाभळींवर टेकला तेव्हा पेटी आली. गाणं नव्हतं. पुढे पाळकबुवा, हातात पुस्तक. पेटी एका बाजूनं खाली झुकलेली, कारण तिला खांदे तीनच होते. मागच्या दोन कोपऱ्यांना जमादाराचे दोन म्हातारे शेजारी, ज्यांना आता कुणी मजुरीला बोलवतच नव्हतं. चौथ्या कोपऱ्याला जमादाराची बायको दोन्ही हातांनी पेटी तोलून धरत चालत होती. आणि पुढच्या उजव्या कोपऱ्याला, फेट्याची घडी खांद्यावर ठेवून तिच्यावर पेटी घेतलेला, बोडक्या डोक्याचा, आमचा दादा होता.

आमच्या गावात कुणब्यानं ख्रिस्तवाड्यातल्या माणसाला खांदा दिलेला तोवर कुणी पाहिला नव्हता. दोस्ताच्या हातातली काठी आपोआप खाली आली.

दादा आमच्यासमोर आला आणि थांबला. त्याचा मोडका हात तसाच खाली लोंबत होता. कपाळावर घाम होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हन की. लई चांगलं जुळवलंयस म्हनं. मला बी ऐकू दे."

मी मान खाली घातली.

"माज्या हातासाठी म्हनतुयास ना? मंग माज्या म्होरं म्हन."

मी म्हणालो, "दादा, तुझा हात..."

"खांदा द्यायला हात लागत न्हाई," दादा म्हणाला. "ती बाई दमलीय. चौथा कोपरा धर."

मी धरला. लाकूड खांद्याला टोचत होतं, आणि पेटी वाटली होती त्याहून फार हलकी होती. जमादाराची बायको बाजूला झाली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. दोस्त आमच्या मागून आला की नाही ते मला माहीत नाही. मी वळून पाहिलं नाही.

पाळकबुवांनी प्रार्थना केली. दादानं डाव्या हातानं माती टाकली, मग मी टाकली. परतताना जमादाराच्या बायकोनं आम्हा दोघांपुढे हात जोडले. दादा मला वाटेत म्हणाला, "फौजदारानं सकाळी मानूस धाडला हुता. शिपाई पाठवू का म्हनून. पोरं वरडाय लागली तर चार काठ्या बसतील. ती न्हाई म्हनली. वरडतील तर वरडू द्या, म्हनली, माज्या मानसाच्या मातीला काठी नगं."

म्हणजे माझी हाडं दुसऱ्यांदा एका बाईनं वाचवली होती.

पाटाशी येऊन आम्ही हातपाय धुतले. मी बराच वेळ गप्प होतो, आणि मी गप्प म्हणजे घरात पाहुण्यांनी चौकशी करावी अशी गोष्ट. शेवटी विचारलंच. "त्यानं तुझा हात मोडला. तू त्याला खांदा का दिलास?"

दादा काठावर बसला. खांद्यावरचा फेटा काढून झटकत म्हणाला, "म्या त्याच्या दारात गेल्तो. तो पेन्शनीत आला त्याच म्हैन्यात. उंबऱ्यात हुबा राहून समदं बोललो. तू माजा हात मोडलास, माजं लगीन मोडलंस, मला वळखत असून मारलंस. मोठ्यांदा बोललो, वाडा गोळा झाला. त्यो गप ऐकत हुता. एका शब्दानं न्हाई म्हनला न्हाई. माजं संपल्यावर म्हनला, व्हय, काठी माजीच हुती. मंग म्हनला, बस."

"मग?"

"बाजारचा दिस हुता. माजा फेटा सुटून गळ्यात आल्ता. त्यो उठला अन त्यानं बांधला. पोलिसात जलम गेलेला, फेटा लई चांगला बांधायचा. तवापास्नं दर बाजारी जायचो."

दीड वर्ष मी त्या दारावरून दात ओठ खात जात होतो, आणि दर बाजारी आत माझा भाऊ मान वाकवून बसलेला असायचा. जो राग माझा नव्हता तो मी सांभाळला होता. ज्याचा होता त्यानं तो कधीच जमादाराच्या दारात नेऊन टाकला होता.

"मला का सांगितलं न्हाईस?" मी म्हणालो.

"तुला सांगून काय, चावडीवर लिवायचं?" दादा म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला, आणि त्याच्याबरोबर मीही हसलो, नाक पुसत.

चावडीची भिंत मी त्याच रात्री, कंदिलाच्या उजेडात, शेणानं सारवली. वाड्यातली दोन-चार माणसं बघत उभी होती. मी त्यांना म्हणालो, चुकलो. तेवढंच आलं मला, आणि तेही हळू आवाजात. त्यानंतर मी मोर्चांना गेलो, खूप ओरडलो, पुढे आमच्याच राज्याच्या मंत्र्यांवरही ओरडलो. पण ज्याला बोलायचं तो जिवंत असताना आणि समोर असताना. नाही तर गोठ्यात.

पाटाच्या काठावरचं मात्र सांगायचं राहिलं. अंधार पडत होता. दादानं फेट्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"उद्या बाजार हाय," तो म्हणाला. "आता तू बांध."

मी त्याच्या मागे उभा राहिलो. मला फेटा बांधता येत नव्हता, मी आपला टोपीवाला. दोनदा बांधला, दोनदा सुटला. तिसऱ्यांदा कसाबसा बसला तर एका कानावर आला. दादानं डाव्या हातानं चाचपून पाहिला.

"वढून बांध," तो म्हणाला. "त्यो लई वढून बांधायचा."